बंदुकीच्या लोखंडाला टिकाऊ लेप: निवड, तयारी आणि कामाचा क्रम

कोकणात पावसाळा सरला की शेतीसंरक्षणाच्या बंदुका कपाटातून, माळ्यावरून खाली येतात आणि नळीवर तांबूस पुरळ उठलेलं दिसतं. मग घाई होते. कुणी पॉलिश पेपर घेऊन बसतं, कुणी हार्डवेअरच्या दुकानातून काळा स्प्रे आणतं, कुणी नळी थेट पावडर कोटिंगला टाकतं. पुढच्या गणपतीपर्यंत रंगाचे पापुद्रे सुटू लागतात आणि त्यांच्याखाली गंज आधीपेक्षा खोल गेलेला सापडतो. मग सगळे रंगाला शिव्या देतात. मी जेवढी बिघडलेली कामं हातात घेऊन पाहिली, त्यांत रंग वाईट होता अशी फारच थोडी होती. बाकीच्यांत एक तर त्या भागाला तो लेप चालणारा नव्हता, नाहीतर लेप चांगला होता पण तो तेलकट लोखंडावर बसवला होता.

हा लेख बारा बोअरची एकनळी आणि दुनळी समोर ठेवून लिहिला आहे. एअर रायफलच्या लोखंडी भागांना यातलं बहुतेक सगळं लागू पडतं. फरक आहे तिथे तसं सांगितलं आहे.

## १. आधी परवाना, मग पाना

शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे बंदुकीच्या दुरुस्तीच्या धंद्याला वेगळा परवाना लागतो आणि ‘शस्त्र’ या शब्दात सुटे भागही येतात. रंगकाम दुरुस्तीत मोडतं की नाही, यावर वाद घालू नका. परवान्याची बंदूक किंवा तिची नळी परवानाधारक गनस्मिथकडेच द्या, सोबत तुमच्या परवान्याची प्रत द्या आणि बंदुकीचा नंबर लिहिलेली पोच घ्या. पावडर कोटिंगवाला किंवा सँडब्लास्टिंगवाला (हवेच्या झोताने वाळू मारून गंज-रंग उडवणारा) ओळखीचा असला तरी त्याच्याकडे नळी ठेवून येऊ नका. अडचणीत तुम्ही याल आणि तोही येईल.

मग हा लेख कशाला? कारण बहुतेक गनस्मिथ ‘काळी करून देऊ?’ एवढंच विचारतात. काय करून घ्यायचं, कोणत्या क्रमाने आणि परत घेताना काय तपासायचं, हे तुम्हाला ठाऊक असावं लागतं. परवाना न लागणाऱ्या एअर रायफलचं काम मात्र तुम्ही घरी करू शकता.

सावधान: बंदूक उघडून चेंबर डोळ्यांनी पाहा, बोट घालून पाहा. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवा. एअर रायफलमध्ये धोका स्प्रिंगचा असतो. सिलिंडरमधली स्प्रिंग दाबलेली असते. स्प्रिंग कॉम्प्रेसरशिवाय मागचा खिळा काढलात तर ती गोळीसारखी बाहेर येते.

## २. भाग सुटे करा आणि चार ढीग लावा

रंग निवडण्याआधी हे काम करायचं असतं आणि लोक नेमकं हेच गाळतात. बंदूक पूर्ण सुटी झाल्यावर फडक्यावर चार ढीग लावा.

पहिल्या ढिगात बाहेरून दिसणारे, कशावरही न घासणारे भाग: नळीची बाहेरची बाजू, बॉडीच्या बाजू, चापाची कडी, पट्ट्याच्या कड्या. लेप खरा यांच्यासाठीच.

दुसऱ्या ढिगात एकमेकांवर बसणारे भाग: नळीखालचा हूक, बिजागरीची पिन, कुलूप बसतं ती खाच, नळीचं मागचं तोंड आणि बॉडीचा त्याला टेकणारा सपाट भाग. इथे मापात बसणं मिलिमीटरच्या शंभराव्या भागात असतं.

तिसऱ्या ढिगात कधीही रंगवायचे नाहीत असे भाग: नळीची आतली बाजू, चेंबर, फायरिंग पिन आणि तिचं भोक, घोड्याची व चापाची अडकण्याची टोकं, सगळ्या स्प्रिंगा. अडकण्याच्या टोकावर रंगाचा थर आला की चाप कधी जड होतो, कधी नको तेव्हा सुटतो. तिथे पॉलिश पेपरही लावायचा नाही.

चौथ्यात लोखंड नसलेले भाग: लाकडी दस्ता, प्लास्टिक, रबर, ॲल्युमिनियम. लोहचुंबक लावून पाहा. चिकटलं नाही तर ॲल्युमिनियम किंवा पितळ समजा; काही जातींचं स्टेनलेसही चिकटत नाही.

आता प्रत्येक भागाचा फोटो काढा. नंबर आणि नळीवरचे चाचणीचे शिक्के जवळून, तिरक्या उजेडात टिपा. काम झाल्यावर हेच फोटो शेजारी धरायचे आहेत.

## ३. लेपाची निवड

तीन प्रश्न विचारा. भाग कोणत्या धातूचा आहे? किती उष्णता सोसेल? किती जाडी मावेल? रंगाची छटा चौथा प्रश्न आहे आणि तो शेवटी.

जाडीचं गणित एकदा मांडून पाहा. पावडर कोटिंग साधारण ६० ते ८० मायक्रॉन बसतं. हुकावर ७० आणि खाचेत ७० धरले तर १४० मायक्रॉन झाले, म्हणजे ०.१४ मिमी. एक एकनळी माझ्यासमोर अशीच आली होती. बॉडी आतून-बाहेरून पावडर कोटिंग केलेली, दिसायला सुरेख, आणि बंदूक मिटतच नव्हती. मालकाने ती गुडघ्यावर आपटून मिटवायचा प्रयत्न केला होता. खाचेतला सगळा थर खरवडून काढायला दोन दिवस गेले.

ब्लॅकोडायझिंग, म्हणजे गरम ब्लूइंग. कास्टिक सोडा आणि नायट्रेटच्या साधारण १३५ ते १५० अंशांवर उकळणाऱ्या द्रावणात लोखंडाचा पृष्ठभागच काळ्या ऑक्साइडमध्ये बदलतो. थर जेमतेम १-२ मायक्रॉनचा, त्यामुळे दुसऱ्या ढिगातले भागही यातून काढता येतात. पण त्याची गंज अडवण्याची स्वतःची ताकद फार थोडी आहे. तो तेल धरून ठेवतो आणि अडवतं ते तेल. समुद्रापासून दहा किलोमीटरच्या आत राहत असाल आणि आठवड्याला पुसणं होणार नसेल, तर नुसत्या ब्लॅकोडायझिंगवर विसंबू नका.

सावधान: दुनळीला गरम ब्लूइंग कधीही नको. तिच्या दोन नळ्या आणि मधली पट्टी बहुधा कथील-शिशाच्या डागाने जोडलेल्या असतात. कास्टिक तो डाग खातं, आणि पट्टीखाली शिरलेले क्षार महिनोन्‌महिने झिरपत राहतात. ॲल्युमिनियमचा भाग त्या टाकीत पडला तर तो विरघळू लागतो.

संथ गंज-ब्लूइंग. दुनळीसाठी हेच. नळीवर द्रावण पुसून मुद्दाम बारीक गंज चढू देतात, मग ती स्वच्छ पाण्यात उकळतात. तांबडा गंज काळा होतो, तो स्टीलवूलने हलका घासतात, आणि हे सगळं पाच-सहा वेळा, कधी जास्तही. उष्णता १०० अंशांवर जात नाही, म्हणून डाग शाबूत राहतो. दमट हवा या कामाला पोषक असते. कोकणच्या हवेचा या धंद्यात एवढाच एक फायदा. वेळ लागतो, पैसेही लागतात. गनस्मिथ ‘एका दिवसात करून देतो’ म्हणाला तर तो हे करणार नाही, एवढं ओळखा.

कोल्ड ब्लू. बाटलीतलं, सेलेनियमयुक्त द्रावण. ओरखड्यावर, स्क्रूच्या डोक्यावर ठीक. अख्ख्या नळीला लावलंत तर हाताच्या घामाने काही आठवड्यांत उतरतं. सेलेनियम विषारी आहे, हातमोजे घालूनच वापरा.

फॉस्फेटिंग. झिंक किंवा मँगनीज फॉस्फेटच्या ९० अंशांच्या आसपासच्या टाकीत करड्या, सच्छिद्र स्फटिकांचा ५ ते १५ मायक्रॉनचा थर बसतो. नुसता ठेवला तर तेल पिऊन राहतो. पण माझ्या लेखी त्याचा खरा उपयोग पायथर म्हणून आहे. वरचा रंग त्यात रुततो, आणि कुठे ओरखडा गेलाच तर गंज रंगाखालून पसरत नाही. रंग द्यायचा असेल तर फॉस्फेटिंगनंतर तेलात बुडवू नका, हे आधीच बजावून सांगा. तेलात बुडवणं हा त्यांचा नेहमीचा शेवटचा टप्पा असतो आणि हात सवयीने तिकडे जातो. स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमला ही टाकी चालत नाही.

भट्टीत पक्का होणारा सिरॅमिक लेप. सेराकोट हे त्यातलं ओळखीचं नाव. त्याची भट्टीची मालिका १२१ अंशांवर दोन तासांत पक्की होते आणि थर सुमारे २५ मायक्रॉनचा असतो. खारी हवा, घाम, बंदूक साफ करायचं सॉल्व्हंट या तिन्हींना तो चांगला टिकतो. १२१ अंशांना डाग वितळत नाही, स्प्रिंगचं पाणी, म्हणजे तिचा कडकपणा, उतरत नाही. तरी २५ मायक्रॉन हेही हुकाला जास्तच, त्यामुळे बसणारे भाग झाकावेच लागतात.

दोन डब्यांचा (रंग आणि हार्डनर वेगळे) पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, किंवा एपॉक्सी. भट्टी नसेल तर हा पर्याय. जाडी साधारण ४० ते ६० मायक्रॉन, पूर्ण पक्का व्हायला आठवडा. एअर रायफलच्या सिलिंडरला बाहेरून उत्तम.

पावडर कोटिंग. १८० ते २०० अंशांची भट्टी लागते आणि कथील-शिशाचा डाग १८३ अंशांपासून वितळू लागतो. दुनळीच्या बाबतीत यापुढे बोलायलाच नको. एकनळीच्या पट्ट्याच्या कड्यांना हवं तर करा.

साधा स्प्रे इनॅमल. करू नका. साफसफाईच्या सॉल्व्हंटने तो मऊ पडतो आणि हाताला काळा लागतो.

निकेल-क्रोमच्या मुलाम्यात स्प्रिंगा आणि कडक भाग ठिसूळ होण्याचा धोका असतो, कारण आम्लाच्या टाकीत हायड्रोजन पोलादात शिरतो. म्हणून तो पर्याय मी धरलेलाच नाही.

माझं मत विचाराल तर किनारपट्टीवरच्या एकनळीला बाहेरून फॉस्फेटिंग आणि त्यावर सिरॅमिक लेप. दुनळीच्या नळ्यांना संथ गंज-ब्लूइंग. घाटमाथ्यावर किंवा देशावर, कोरड्या हवेत, एकनळीला ब्लॅकोडायझिंग पुरतं. बॉडीवर निळ्या-तपकिरी लाटा दिसत असतील तर तो कठीण केलेल्या पोलादाचा मूळ रंग आहे. त्याला हात लावू नका. ब्लास्टिंगने तो जातो आणि साध्या कामाने परत येत नाही.

## ४. पहिलं तेल काढणं

इथून पुढचा क्रम असा: आधी तेल, मग गंज आणि जुना थर, मग पुन्हा तेल. ‘नाहीतरी ब्लास्टिंग होणारच आहे, तेल कशाला काढा’ हा विचार सगळ्यात महाग पडतो. तेलकट भागावर ब्लास्टिंग केलं की तेल कणांबरोबर लोखंडाच्या खरबरीत पृष्ठभागात ठोकलं जातं आणि ब्लास्टिंगची वाळूही खराब होते. मग तीच वाळू पुढच्या स्वच्छ भागाला तेल लावते.

पहिली धुणी कढत साबणाच्या पाण्याने, टूथब्रश घेऊन. स्क्रूची भोकं, आटे, कोपरे. पुसून कोरडं करा, मग ॲसिटोन. रॉकेल किंवा डिझेल जुनी घट्ट ग्रीस सोडवायला चालेल, पण त्याचं पुट मागे राहतं, म्हणून शेवटचा हात त्याचा नको. स्वस्त एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाच्या) थिनरवरही माझा भरवसा नाही.

सावधान: ॲसिटोनची वाफ उणे २० अंशांनाही पेट घेऊ शकते. काम उघड्या पडवीत करा. शेजारी गॅस, भट्टी, विडी काही नको.

आता पाण्याची परीक्षा. भागावर स्वच्छ पाणी ओता. पाणी सलग पडदा धरून उतरलं तर तेल गेलं. अळवाच्या पानावर होतात तसे थेंब झाले, किंवा पडदा एखाद्या जागी फाटला, तर तिथे तेल आहे. पुन्हा पहिल्यापासून. पास झाल्यावर लगेच कोरडं करा, नाहीतर डोळ्यांदेखत पिवळसर गंज चढतो.

यानंतर भाजणं. नुसत्या लोखंडी भागांना १५० अंशांवर एक तास. जुनं तेल आट्यांत, जोडांत, ओतीव भागांच्या सूक्ष्म छिद्रांत बसलेलं असतं. थंड लोखंडातून ते बाहेर येत नाही. गरम झालं की घामासारखं पाझरतं आणि भोकाभोवती ओला कडा दिसतो. हा टप्पा गाळला की तेच तेल रंग भट्टीत असताना पाझरतं आणि नेमकं स्क्रूच्या भोकाभोवती रंग सुटतो. ‘सगळीकडे टिकला, भोकांभोवतीच गेला’ ही तक्रार ऐकली की बाकी काही विचारायची गरज उरत नाही.

घाम दिसला तर थंड होऊ द्या, ॲसिटोनने पुसा, पुन्हा भाजा. तीनदा भाजावी लागलेली नळीही मी पाहिली आहे. लाकूड, प्लास्टिक, रबरी सील यांतलं काहीही या भट्टीत जाता कामा नये.

## ५. गंज आणि जुना थर

आधी गंज किती खोल आहे ते पाहा. वरवरचा असेल तर तेल आणि अगदी बारीक स्टीलवूलने निघतो, आणि कदाचित लेपाची गरजच उरत नाही. नख अडकेल असे खड्डे असतील तर घासून सपाट करायचा मोह आवरा. बारा बोअरची नळी मुळातच पातळ असते, तोंडाकडे तर फारच. गनस्मिथकडून नळीची जाडी मोजून घ्या. ती कमी भरली तर प्रश्न लेपाचा उरतच नाही. ती नळी वापरायची नाही.

हायड्रोक्लोरिक आम्लात भाग बुडवून गंज काढायची युक्ती गावोगावी सांगतात. साध्या गजाला चालेल. स्प्रिंग, चाप, घोडा यांना नाही, कारण वर सांगितलेला हायड्रोजनचा ठिसूळपणा इथेही येतो.

पुढची तयारी लेपावर अवलंबून आहे आणि इथे उलटसुलट होतं. ब्लूइंगसाठी पृष्ठभाग गुळगुळीत हवा. ब्लूइंग काही झाकत नाही. खालचा प्रत्येक ओरखडा काळा होऊन उठून दिसतो. सिरॅमिक किंवा पीयूसाठी मात्र पृष्ठभाग खरबरीत हवा. रंग देण्याआधी नळी आरशासारखी चकचकीत करणारे लोक कष्ट करून रंगाची पकड घालवतात.

सिरॅमिकसाठी १०० ते १२० ग्रिटच्या ॲल्युमिनियम ऑक्साइडने ब्लास्टिंग. सगळीकडे एकसारखा, मॅट, राखाडी रंग आला पाहिजे. नदीची वाळू नको. तिच्या धुळीतली सिलिका फुप्फुसांत बसते. नंबर आणि शिक्क्यांवर जाड टेप लावून तिथे नोझल फिरवू द्यायचं नाही. तो भाग शेवटी हाताने, बारीक स्कॉचब्राइटने हलका खरबरीत करायचा. अस्पष्ट झालेला नंबर म्हणजे कायद्यापुढे नंबर खोडलेलं शस्त्र.

तपासा: टेप काढून नंबर आधीच्या फोटोशी ताडून पाहा. एकेक आकडा, एकेक अक्षर.

ब्लास्टिंग झालेलं लोखंड उघडं असतं. दमट हवेत त्यावर काही तासांत गंजाची झाक येते. म्हणून सकाळी ब्लास्टिंग, दुपारी फॉस्फेटिंग किंवा रंग. ‘उद्या करू’ नको.

## ६. दुसरं तेल काढणं आणि झाकणी

फॉस्फेटिंग झालेला भाग गरम पाण्यात धुऊन पूर्ण कोरडा करा आणि ॲसिटोनने पुन्हा न्हाणून घ्या. इथून पुढे उघडा हात लावायचा नाही. नायट्रिल हातमोजे, बिनापावडरचे. बोटाचा एक ठसा रंगाखाली राहिला तर वर्षभरात तिथे त्याच आकाराचा फोड येतो. त्या दिवशी खोलीत सिलिकॉनचा स्प्रे, फर्निचर पॉलिश, गाडीचं डॅशबोर्ड पॉलिश काही फवारू नका. सिलिकॉनमुळे रंगात माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात.

झाकणीला उष्णता सोसणारी पॉलिएस्टर किंवा कापटॉन टेप. साध्या मास्किंग टेपचा डिंक १२१ अंशांना वितळून मागे राहतो. दुसरा ढीग पूर्ण झाका: हूक, पिन, कुलपाची खाच, सपाट टेकणारे पृष्ठभाग. नळीच्या दोन्ही तोंडांना सिलिकॉनची बुचं. चेंबरमध्ये रंगाचा एक थेंब गेला तरी काडतूस अडकू शकतं. आट्यांत जुने स्क्रू अर्धे फिरवून ठेवा. माशीचा, म्हणजे नळीच्या टोकावरचा नेम धरायचा मणी आणि त्याचे आटेही झाका.

तपासा: झाकणी झाल्यावर दुसऱ्या आणि तिसऱ्या ढिगाची यादी हातात घ्या आणि एकेका भागावर बोट ठेवून म्हणा, झाकलं. मग डबा उघडा.

## ७. फवारणी

हवेत ८५ टक्क्यांहून जास्त आर्द्रता असेल तर फवारणी नको. लोखंड दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतलं दव धरू लागतं त्यापेक्षा, किमान ३ अंशांनी गरम असावं. कोकणात याचा अर्थ डिसेंबर ते फेब्रुवारी, सकाळी दहानंतर. जूनमध्ये एसीच्या खोलीतून काढलेली गार नळी ओसरीत आणली तर तिच्यावर न दिसणारं दव धरतं, आणि रंग त्या दवावर बसतो.

सिरॅमिक असो वा पीयू, डबा खळखळून ढवळा, तळाशी चिकटलेला रंग उचलून मिसळा, गाळून घ्या. हार्डनर मापाच्या कपाने किंवा सिरिंजने. सिरॅमिकमध्ये हार्डनर कमी-जास्त केला की चमक बदलते, म्हणून एकाच बंदुकीचे सगळे भाग एकाच मिश्रणातून रंगवा. पीयूमध्ये नजरअंदाजाने टाकलेल्या हार्डनरमुळे रंग एक तर कायम चिकट राहतो, नाहीतर ठिसूळ होऊन तडकतो.

आधी कोपरे, खाचा, कडीची आतली बाजू. सपाट भाग शेवटी. अंतर १५ ते २० सेंटीमीटर. पातळ, एकमेकांवर अर्धे येणारे हात. एकाच वेळी सगळं झाकलं गेलं पाहिजे असा हट्ट नको. सिरॅमिक ओलसर चमकला की थांबा. ओघळ आला तर बोटाने पुसू नका. ओघळलेला भाग ॲसिटोनने पूर्ण धुवा आणि नव्याने फवारा, दुरुस्ती कधी लपत नाही.

सावधान: दोन डब्यांच्या पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं आणि त्याने कायमचा दमा जडू शकतो. कापडी मास्क किंवा एन-९५ त्याला अडवत नाही. सेंद्रिय वाफांसाठीच्या कार्ट्रिजचा, त्यावर रंगाचे कण अडवणारा फिल्टर असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा. घरात मुलं असतील तर हे काम घराबाहेर करा.

फवारताना शेजारी त्याच लोखंडाची, त्याच तयारीतून गेलेली एक पट्टी टांगा आणि तीही रंगवा. पुढच्या सगळ्या परीक्षा तिच्यावर घ्यायच्या आहेत.

## ८. भट्टी

फवारल्यावर १०-१५ मिनिटं तसंच टांगून ठेवा. सॉल्व्हंट उडून गेला नाही आणि भाग थेट भट्टीत गेला तर बुडबुडे येतात. भाग तारेने टांगलेले असावेत, एकमेकांना किंवा भिंतीला न लागता.

वेळ भट्टीच्या काट्यावरून धरू नका. भाग १२१ अंशांना पोचल्यापासून दोन तास मोजायचे. जाड बॉडी तापायला वेळ लागतो. भट्टी लावल्यापासून दोन तास धरले तर आतला रंग कच्चा राहतो, आणि तो वरून दिसत नाही. थर्मोकपलची (उष्णता मोजणाऱ्या साधनाची) तार भागाला बांधा.

स्वयंपाकघरातला ओव्हन वापरू नका, एकदाही नाही. रंगाची वाफ आतल्या पत्र्यावर बसते आणि नंतर केकमध्ये उतरते.

पीयू असेल तर भट्टी नको, पण सात दिवसांची कळ काढा. तिसऱ्या दिवशी हाताला कोरडा लागतो म्हणून जोडणी केली की पट्ट्याच्या कडीचा ठसा कायमचा उमटतो.

## ९. परीक्षा

गनस्मिथकडून बंदूक घेताना पट्टीही मागून घ्या आणि तिथेच दोन परीक्षा करा. पांढरं फडकं ॲसिटोनमध्ये भिजवून पट्टीवर ५० वेळा पुढेमागे जोर लावून घासा. फडक्यावर रंग आला किंवा चमक मेली तर लेप कच्चा आहे. दुसरी परीक्षा: ब्लेडने उभ्या-आडव्या सहा-सहा रेघा, एकेक मिलिमीटरवर, लोखंडापर्यंत कापा. वर पारदर्शक टेप घट्ट दाबून झटक्यात ओढा. चौकटी टेपवर आल्या तर तयारीत तेल राहिलं आहे, आणि उरलेला लेपही असाच सुटणार. अशा वेळी वरून आणखी एक हात मारून घ्यायला होकार देऊ नका. सगळा थर उतरवून चौथ्या टप्प्यापासून पुन्हा.

घरी आल्यावर त्याच पट्टीवर फुलीसारखा काप देऊन ती न्हाणीघरात टांगा आणि रोज मिठाच्या पाण्याचा शिपका मारा. महिन्याभरात गंज कापाच्या रेघेतच थांबला तर निर्धास्त राहा.

## १०. जोडणी आणि पहिला पावसाळा

जोडणी गनस्मिथच्या हातून, तुमच्यासमोर. रिकाम्या बंदुकीवर, स्नॅप कॅप (बिनदारूचं नकली काडतूस) घालून: मिटते का, ठाम बंद होते का, सेफ्टी लावल्यावर चाप दाबून घोडा पडतो का, सेफ्टी काढतानाच तर पडत नाही ना. मिटताना जोर लागत असेल तर कुठेतरी लेप झाकणीच्या आत शिरला आहे. ‘वापरून सैल होईल’ हे उत्तर मान्य करू नका. नळीतून उजेड पाहा, चेंबर फडक्याने पुसा.

तेल बंदुकीचंच. खोबरेल थंडीत गोठतं आणि खवट होतं. जवसाचं तेल वाळून डिंकासारखं होतं आणि चाप चिकटवतं. सिरॅमिक लेपावर पातळ हात पुरतो, पण न रंगवलेला तिसरा ढीग आता अधिक जपायला हवा, कारण बाहेरचं लोखंड टिकतं हे पाहून आतल्या लोखंडाचा विसर पडतो.

कॅनव्हासच्या किंवा चामड्याच्या कव्हरात घालून पावसाळाभर ठेवू नका. कव्हर ओल धरतं आणि ती नळीला लावून ठेवतं. कुलपाच्या कपाटात उभी, तोंडाला कापूस न कोंबता, सिलिका जेलची पिशवी शेजारी. जेलचा रंग बदलला की ते तव्यावर मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं. तो तवा मात्र पोळ्यांचा नसावा. निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची वेळ आली तर आदल्या संध्याकाळी नळी आतून-बाहेरून तेलाने पुसा आणि परत आणल्यावर त्याच दिवशी उघडून पाहा.

पहिला ओरखडा कधीतरी पडेलच, बहुधा कुंपणाच्या तारेला घासून. त्याच दिवशी ॲसिटोनने पुसा, कोरडा करा, लोखंड दिसत असेल तर कोल्ड ब्लूचा ठिपका द्या, पाण्याने धुऊन तेल लावा. त्याच्या कडा लाकडी काडीने टोकरून पाहा. लेप कडेने उचलला जात नसेल तर पुढच्या दिवाळीच्या साफसफाईपर्यंत तो तसाच राहू द्या.